पुलाअलीकडचा देव

जत्रा झाली की आमच्या सोप्यात आठ दिवस चिंचेचा वास असतो. नाथाच्या पालखीचा मान आमच्या घराकडे, त्यामुळे मुखवटा, छत्री, दांड्याची पितळी टोकं, सगळं उजळून पेटीत ठेवायचं कामही आमच्याचकडे. चिंचेचा कोळ, रांगोळी आणि जुन्या धोतराचं फडकं घेऊन मी दरवर्षी बसतो. गुलाल मोठा चिवट असतो. मुखवट्याच्या कानात, छत्रीच्या झालरीत तो पुढच्या चैत्रापर्यंत दडून राहतो. परवा पालखीतली गादी झटकायला अंगणात नेली, तर तिच्या घडीतून पावट्याचा एक दाणा खाली पडला. मी तो उचलला, शर्टाच्या खिशात टाकला आणि पुन्हा पितळ घासायला बसलो. पण हात काही चालेना.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. घरचा तीन एकर ऊस आहे, खांद्यावर पालखीचा पुढचा दांडा आहे, आणि गावात लोक मला गुरुजी म्हणतात. एवढ्या भांडवलावर माणसाला आपण बरे आहोत असं वाटायला हरकत नसते. मलाही गेल्या वैशाखापर्यंत तसंच वाटत होतं.

गेल्या वैशाखात आम्ही दोघं, मी आणि आमची मंडळी, कोयनेच्या जलाशयावर चार दिवस राहायला गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, कुठं म्हणून नेलं नाही, हे तिचं म्हणणं खरं होतं. गाडीनं जाऊ, म्हणाली. म्हणजे रेल्वेनं. आमच्या जवळच्या स्टेशनावर पॅसेंजर थांबते तेवढ्या वेळात आम्ही चढलो. खिडकीची जागा तिला दिली आणि मी पिशवीतून नववीचे पेपर काढले. शिक्षकाची सहल अशीच असते.

खिडकीतून ऊस मागे पळत होता. शेणोली गेलं, कराड जवळ आलं. समोर काकड्यांची पाटी घेऊन एक पैलवानी अंगाचे म्हातारे बसले होते. त्यांनी एक काकडी हिच्या हातावर ठेवली आणि मला विचारलं, "कुठं निघालाय गुरुजी?" माझ्या कपाळावर काय लिहिलेलं असतं कोण जाणे.

"कोयनेचं पाणी बघायला," मी म्हटलं.

"तुमच्या पाटाला त्येच येतंय न्हवं? मंग घरातच बसून बघायचं की."

डबाभर हसू पसरलं. मीही हसलो. बोलणं चुकीचं नव्हतंच. कोयना कराडला कृष्णेला मिळते, पाणी खाली येतं, आमच्या उसाला लागतं. हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर बाणांनी दाखवत आलो आहे. त्याच वेळी माझ्या मांडीवर जो पेपर होता त्यात प्रश्न होता, धरणाचे फायदे लिहा. आमच्या गावच्या पुलापलीकडच्या वसाहतीतल्या एका मुलीनं चार फायदे मार्गदर्शकातले लिहिले होते, वीज, सिंचन, पर्यटन वगैरे. पाचवा तिनं स्वतःचा लिहिला होता: धरणामुळे आमच्या आजीला नवीन गाव मिळाले. मी त्याला लाल गोल केला आणि समासात लिहिलं, मुद्दा अपेक्षित नाही. मग काकडी खाल्ली. काकडी फार गोड होती, हे मला अजून आठवतं आणि त्याचा मला राग येतो.

साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर. तिथून एसटी स्टँड, स्टँडवरून कासच्या वाटेची बस. वैशाखातलं ते पठार म्हणजे करपलेली भाकरी. फुलं यायला अजून चार महिने होते. पण रस्त्याच्या कडेला करवंदं पिकली होती आणि बसमधल्या बायका ड्रायव्हरला दटावून बस थांबवत होत्या. तोही थांबत होता. मग उतार सुरू झाला आणि एका वळणावर खाली पाणी दिसलं. डोंगरांच्या बोटांमधून लांबवर गेलेलं, निळं, गप्प. ही म्हणाली, "आता चार दिवस पेपर बाहेर काढायचे न्हाईत."

बामणोलीच्या काठावर बबन लाँच घेऊन आला होता. पलीकडच्या अंगाला डोंगराच्या उतारावर त्याचं घर, घराला जोडून पाहुण्यांसाठी दोन खोल्या. उन्हाळ्यात पाणी खूप खाली उतरतं. उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात, पुन्हा पाणी चढायच्या आत काढून घेतात. त्या गाळाच्या पट्ट्या काठाकाठानं दिसत होत्या. मध्यावर आल्यावर बबननं इंजिन बंद केलं आणि साध्या आवाजात सांगितलं, "हितं खाली आमचं गाव."

आमची ही मघापासून पाण्यात हात घालून बसली होती. तिनं तो अलगद बाहेर काढला आणि पदराला पुसला. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं तिला वाटलं असावं. मी मोबाइलवर फोटो काढत होतो.

बबनची आई, अनसूबाई, सत्तरीपुढची. सरळ पाठीची बाई. दारातच तिनं पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

हिनं गावाचं नाव सांगितलं. अनसूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"आगं बया. आमच्या आक्काचं गाव की वो ते. हौसाबाई. धरनात गाव गेलं तवा तिचं सासर तिकडं तुमच्याकडं आलं, आमी हितंच वर डोंगराला सरकलो. वळखता का तिला?"

"वळखतो की," मी म्हटलं. ओळखतच होतो.

तेव्हापासून आम्ही पाहुणे राहिलो नाही. बहिणीच्या गावचा म्हणून मी भाऊ झालो. नाचणीच्या भाकरीवर लोणी आलं, दुपारी झोपलो तर कुणी आवाज करायचा नाही, असा नातवंडांना दम गेला. हिला तर चुलीपुढे पाट मिळाला. तिसऱ्या दिवशी जेवताना अनसूबाई समोर येऊन बसल्या. "एक इचारू का गुरुजी? आक्का फोनवर सांगती, तुमच्या नाथाची पालखी दरसाली तिच्या दारावर येती. खरं का वो?"

मी मान वर केली नाही.

"न्हाई, इचारायचं कारन असं," त्या म्हणाल्या, "हितला आमचा देव पान्यात गेला. तिकडं नव्या गावचा देव दारावर आला म्हंजी गावानं पदरात घेतलं. येवढंच बघायचं असतं बघा. बाकी जमीन काय, कुठलीबी पिकती."

"व्हय आजी," मी म्हटलं. "येती की दरसाली."

आणि इतक्यावर थांबलो नाही. मास्तराला उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. दारात पाट मांडतात, खोबरं उधळतात, हौसाबाई ओवाळतात, पालखी तिथं पाच मिनिटं थांबते, असं सगळं रंगवून सांगितलं. हौसाबाई खोटी पडू नये म्हणून मी खोटं बोललो, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं नव्हतं. मी माझ्या खांद्यावरच्या दांड्यासाठी खोटं बोललो. त्या घरातलं लोणी माझ्या बोटांना लागलेलं होतं आणि त्याच घरापुढे मला वाईट दिसायचं नव्हतं.

अनसूबाईंचा चेहरा उजळला. "मंग पुढल्या जत्रंला म्या येनार. येकदा डोळ्यानं बघती."

आता खरं काय ते सांगतो. आमच्या गावाच्या पूर्वेला जुना पाट आहे, त्यावर दगडी पूल. पुलापलीकडे वसाहत. धरणात गेलेल्या लोकांना तिथं जमिनी मिळाल्या, माझ्या जन्माच्या आधी. त्या जमिनींत आमच्या आजोबांचं अडीच एकर रानही गेलं. इतकी वर्षं झाली तरी आम्ही तिला नवी वसाहत म्हणतो. माणसं तिथं जन्मली, म्हातारी झाली, मेली, तरी नवीच. आणि नाथाची पालखी सगळं गाव फिरते, महारवाड्यापासून माळवाडीपर्यंत प्रत्येक दारावर थांबते, पण पुलापाशी येऊन वळते. का, तर नाथाची शीव पाटापर्यंत.

लहानपणी मला हे नदी उताराकडे वाहते तितकं खरं वाटायचं. वडील थकल्यावर एकदा सहज बोलून गेले की, पूर्वी पालखीचा विसावा पुलापलीकडच्या आंब्याखाली असायचा. वसाहत आली त्या साली आजोबांनी पहिल्यांदा पालखी पुलापासूनच मागे फिरवली. म्हणजे शीव देवाची नव्हती, आमच्या अडीच एकरांची होती. मी ते ऐकलं, हूं म्हटलं आणि पुढच्या चैत्रात पालखी तिथूनच फिरवली.

पहिल्यांदा पुढचा दांडा खांद्यावर आला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. ऊन कललं होतं. पुलापलीकडे सात-आठ बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. दर साली उभ्या राहायच्या, कदाचित यंदा देव येईल म्हणून. त्यातली एक ओठ घट्ट मिटलेली, वाऱ्यापासून निरांजनाला पदर धरून उभी. ती हौसाबाई. मागून वडील म्हणाले, "फिरवा." मी फिरवली. वळताना दिसलं, तिनं तिथूनच, पाटाच्या पाण्यावरून, पालखीच्या पाठीला ओवाळलं. पुढे पुढे ताटं कमी झाली. एक वर्ष असं आलं की पलीकडे कुणीच नव्हतं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. सगळ्यात जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची वाटते.

निघताना अनसूबाईंनी फडक्यात बांधून पावटा दिला, शेरभर असेल. "गाळात पेरला हुता. बरुबर आक्काच्या सासरच्या जुन्या दारात, त्ये वरच्या अंगाला उघडं पडतंय. तिच्या हातात द्या." परतीच्या गाडीत ते गाठोडं माझ्या मांडीवर होतं आणि पेपर खाली पिशवीत. कोरेगाव गेलं, रहिमतपूर गेलं, ही खिडकीबाहेर बघत होती. कराडच्या अलीकडे एकदाच बोलली, "जरा गप्प बसला असता तरी चाललं असतं."

माझं घर ते हौसाबाईचं घर, चालत पंधरा मिनिटं. ते गाठोडं मी दिवाळी होऊन गेल्यावर पोचवलं. आधी पावसाचं निमित्त होतं, मग शाळेचं, मग ऊसतोडीचं. माळ्यावर ठेवलेलं गाठोडं एक दिवस हिनं खाली काढलं आणि काही न बोलता माझ्या चपलांवर ठेवलं. उघडून पाहिलं तर पावट्याला भुंगा लागला होता.

हौसाबाई ओसरीवर एकट्याच होत्या. मी गाठोडं पुढे केलं, कुठलं ते सांगितलं. त्यांनी गाठ सोडली, एक दाणा बोटात धरून उजेडाकडे नेला. "भुंगा लागला व्हय," एवढंच म्हणाल्या आणि सूप ओढून निवडायला बसल्या. चांगले दाणे एकीकडे, किडके एकीकडे, आणि किडक्यांचा ढीग मोठा होत होता. मला बसवेना. मी सगळं सांगून टाकलं. काय विचारलं, मी काय बोललो, खोबरं, पाट, पाच मिनिटं, सगळं.

सुपावरचा हात थांबला नाही. "बरं केलंस बाबा," त्या म्हणाल्या. "म्या बी तिला हितं आल्यापास्नं ह्येच सांगत आलीया. न्हाईतर तिनं तिथं पान्याकडं बघत बसायचं आन माज्या नावानं रडायचं."

मला कुणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. आभार मानायला नको होते.

"येक काम कर," किडके दाणे बाजूला सारत म्हणाल्या. "ती जत्रंला येतो म्हनतीया. न्हाई म्हनून सांगितलं तर ऐकंना. तू टेसनावर जा तिला आनायला. सांग, पुलाचं काम काढलंय, यंदा पालखी पलीकडं येनार न्हाई. तुज्यावर तिचा इस्वास हाय."

जत्रेच्या बैठकीत बोलायचं असं मी ठरवलं होतं. वाक्यंही जुळवली होती. बैठकीत कुस्त्यांचं मैदान झालं, गाण्यांच्या पार्टीवरून थोडी हमरीतुमरी झाली, आणि शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुमचं काय आजून?" मी म्हटलं, "मांडवाचं कापड जरा जाड बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. सूचना चांगलीच होती.

पालखीच्या आदल्या दिवशी मोटरसायकल घेऊन स्टेशनावर गेलो. पॅसेंजर आली. अनसूबाई डब्यातून उतरल्या त्या नवं लुगडं नेसून, काखेत गाठोडं. फलाटावरच विचारलं, "उंद्या किती वाजता येती पालखी?"

"यंदा येनार न्हाई आजी. पुलाचं काम काढलंय."

त्यांनी काखेतलं गाठोडं सावरलं. मग म्हणाल्या, "देवाची इच्छा," आणि माझ्या मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. पालखीचा दांडा येतो, नेमका त्याच खांद्यावर.

आणि आता माझ्या हुशारीचा कळस बघा. वसाहतीत जायला रस्ता एकच, त्याच पुलावरून. खोटं बोलताना हे भूगोलाच्या मास्तराच्या ध्यानात आलं नाही. पुलावर आलो तर समोरून उसाची भरली ट्रॉली, ट्रॅक्टरसकट, धडधडत येत होती. मी गाडी कडेला घेतली. ट्रॉली गेली. पूल हलला नाही, की धूळसुद्धा झडली नाही. खांद्यावरचा हात सुटला. मागून हळू आवाज आला, "पूल तर धड हाय."

गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. हे तिसरं खोटं.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर पालखी निघाली. गाव फिरली. गुलालानं डोळे चुरचुरत होते. पुढचा दांडा माझ्याकडे, मागचा शिवाकडे. शिवा फौजेतून सुभेदार होऊन आलेला, माझा बालमित्र. पुलापाशी पोचलो. ढोलवाले सवयीनं वळलेसुद्धा. पलीकडे कुणीही उभं नव्हतं, पाट संथ वाहत होता. मी वळलो नाही. पाऊल पुढे टाकलं आणि वाट बघितली, मागून कुणीतरी ओरडेल, दांडा ओढेल, कुणी आजोबांचं नाव काढेल. पंचवीस-तीस वर्षं याच क्षणाला मी भीत आलो होतो.

मागून शिवा म्हणाला, "जरा डावीकडनं घे गड्या, कठडा हाय."

एवढंच. ढोलवाले धावत पुढे आले. लोक मागोमाग आले, कुणी हसत, कुणी बोलत, म्हातारी माणसंसुद्धा. कुणी काही विचारलं नाही. पूल बावीस पावलांचा होता. इतकं सोपं होतं ते, आणि इतकं सोपं असल्याचं मला जे वाटलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाही. कुणी अडवलं असतं तर निदान आमच्या एवढ्या वर्षांना काही कारण तरी राहिलं असतं.

हौसाबाईच्या दारात पालखी थांबली. दारात सडा नव्हता, रांगोळी नव्हती. दोघी बहिणी चुलीपाशी होत्या. चांगभलं ऐकून हौसाबाई बाहेर आल्या त्या तशाच, कोपरापर्यंत पीठ भरलेल्या हातांनी. त्यांनी देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. घरात वळल्या, पुन्हा बाहेर आल्या. निरांजन कुठं ठेवलंय तेच त्यांना आठवेना. कितीतरी वर्षांत ते काढलं नव्हतं.

"आधी सांगायचं न्हाई व्हय रं?" त्या म्हणाल्या. "येवढी वर्सं ताट घिऊन हुबी ऱ्हायली. आन आज देव दारात, आन ओवाळाया हातात काय न्हाई."

अनसूबाई आत गेल्या आणि गाठोडं घेऊन आल्या. गाठ सोडून त्यांनी बहिणीची पिठाची ओंजळ पावट्यानं भरली. हौसाबाईंनी ती पालखीत, नाथापुढे रिती केली. दाणे गादीवर सांडले. ढोल थांबले होते.

मी मान खाली घालून उभा होतो. दांडा खांद्यावर असला की मान तशीही खालीच जाते, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही.